संगणकाची सिस्टिम बदलायची का? आधी आठ दिवस वही लिहा

आमच्या घरात तीन संगणक आहेत आणि गेल्या वर्षी तिन्हींवर एकाच दिवशी एकच प्रश्न येऊन बसला. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-अपडेट्स बंद केली. वसुबारस तीन दिवसांवर होती. दिवाळी अंकांची कामं माझ्या हातावेगळी झाली होती, त्यामुळे घाई न करता विचार करायला वेळ मिळाला. मी नारायण पेठेत घरूनच अक्षरजुळणी करते, एकवीस वर्षं झाली. छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, संस्थांच्या स्मरणिका, दोन दिवाळी अंक. नवरा सोसायटीचा खजिनदार आहे, त्याचा संगणक हिशेबांचा. तिसरा लॅपटॉप सासूबाईंचा, २०१६ साली घेतलेला.

भाचा हिंजवडीत नोकरी करतो. तो म्हणाला, "मामी, सगळीकडे लिनक्स टाकून दे, विषय संपला." लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी बसवता येणारी मोफत सिस्टिम. तपकीर गल्लीतला ओळखीचा संगणकांचा दुकानदार म्हणाला, "वहिनी, तिन्ही काढा आणि नवीन घ्या." दोघांचाही हेतू चांगला होता, पण दोघांनीही आम्ही त्या संगणकांवर करतो काय हे विचारलं नव्हतं. आम्ही दोन महिने घेतले आणि तीन संगणकांसाठी तीन वेगळी उत्तरं निघाली. ती कशी निघाली ते सविस्तर लिहिते, कारण मराठीत काम करणाऱ्यांच्या काही अडचणी इतर कोणाच्या सल्ल्यात येतच नाहीत.

सुरुवातीला भीती बाजूला ठेवा. विंडोजला मायक्रोसॉफ्टचा आधार संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही. फाइल्स उघडतात, छपाई होते, सगळं कालच्यासारखंच चालतं. फरक इतकाच की सिस्टिममध्ये नवी भगदाडं सापडली की ती बुजवणारं अपडेट येत नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात त्याच्या बाबतीत हा फरक दर महिन्याला मोठा होत जातो. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव मुदत ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर तिची नोंदणी होते. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि त्या खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे भरावे लागत नाहीत. ही नोंदणी आजच करून टाका. निर्णय पुढचा असला तरी विचार करायला उसंत मिळते.

मग वही घ्या. घरातल्या ज्याचा संगणक आहे त्याने स्वतःच्या हाताने आठ दिवस लिहायचं: काय केलं, कशात केलं, कोणतं यंत्र जोडलं. "इंटरनेट पाहिलं" असं लिहून चालणार नाही. "बँकेत पैसे भरले, क्रोममधून" किंवा "पावत्या छापल्या, हॉलमधल्या प्रिंटरवर" असं लिहा. आठ दिवसांत न येणारी कामं आठवून शेवटच्या पानावर टाका. जुलैतलं आयकर विवरणपत्र, सोसायटीचं ऑडिट, गणपतीतल्या वर्गणीच्या पावत्या, नोव्हेंबरातला पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला. वर्षातून एकदाच येणारं काम ऐन वेळी अडलं तर फार त्रास होतो, म्हणून ते पान मी सर्वांत महत्त्वाचं मानते.

आठ दिवसांनी प्रत्येक ओळीपुढे खूण करा. जे क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये होतं त्याला ब. ज्याला दुसरा पर्याय आहे त्याला प. ज्याला पर्याय नाही त्याला अ, म्हणजे अडलेलं. ब कोणत्याही सिस्टिमवर चालतो, त्याची काळजी सोडा. प म्हणजे शिकण्याचा वेळ. निर्णय घेतो तो अ.

सासूबाईंच्या वहीत ई-पेपर, यूट्यूबवरची कीर्तनं, नातवाशी व्हिडिओ कॉल, फोटो आणि भजनी मंडळाच्या सूचना टाइप करणं एवढंच होतं. हयातीचा दाखला त्या आता फोनवर चेहरा दाखवून देतात. एकही अ नाही. नवऱ्याच्या वहीत मात्र टॅली हे हिशेबांचं सॉफ्टवेअर होतं. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं. सोसायटीचे ऑडिटर त्याच फाइलवर काम करतात, तेव्हा एवढ्या एका अ वर त्याचा प्रश्न सुटला: विंडोज सोडायचं नाही. तुमच्याकडे निविदा भरण्यासाठी किंवा कंपनीच्या कामासाठी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असेल तर त्यालाही सुरुवातीला अ च लावा. काही टोकनांना लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र ओळखणारं सॉफ्टवेअर, असतो, पण त्या संकेतस्थळाचं सही करणारं सॉफ्टवेअरही चालायला हवं. दोन्ही स्वतः करून पाहिल्याशिवाय ती खूण बदलू नका.

आता माझी वही. इथे मी थांबून लिहिणार आहे, कारण मराठी मजकूर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे, मग तो लेखक असो, शाळेचा कारकून असो की मंडळाचा चिटणीस.

श्रीलिपी आणि आयएसएम ही मराठी टाइप करायची जुनी सॉफ्टवेअर. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. आयएसएम सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेचं, आणि सी-डॅकही पुण्यातलंच, १९८८ सालचं. मराठी छपाईतला किती तरी मजकूर या दोघांच्या फॉन्टांत जुळवला गेला. माझ्याकडेही २००५पासूनच्या फाइल्स आहेत. पण या जुन्या फॉन्टांत टाइप केलेली फाइल संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की उरतो तो अगम्य कचरा. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुरात प्रत्येक अक्षर देवनागरी म्हणूनच नोंदलेलं असतं, त्यामुळे तो कुठेही नेला तरी मराठीच राहतो.

तुमची फाइल कोणत्या जातीची हे ओळखायला अर्धा मिनिट लागतो. एक परिच्छेद उचला आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा असं काही उमटलं तर जुना फॉन्ट. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधून दोन-तीन फाइल्स अशा तपासा. माझ्याकडे २०१४पर्यंतचं जवळपास सगळं जुन्या फॉन्टात निघालं.

जुन्या फॉन्टाची फाइल नव्या सिस्टिमवर नेऊन टाकली तर मजकूर कदाचित वाचता येईल, पण त्यात दुरुस्ती करायची म्हटली की त्या फॉन्टासाठीचा कळफलक लागतो. माझ्याकडची आवृत्ती फक्त विंडोजवर चालते आणि ती उघडण्यासाठी यूएसबीचं कुलूप, म्हणजे परवाना तपासणारं छोटं यंत्र, जोडावं लागतं. विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालवणारं वाइन नावाचं साधन आहे, भाच्याने ते खूप मनापासून करून पाहिलं, पण कुलूप काही ओळखलं गेलं नाही. ज्याच्यावर पोट आहे ते काम अशा जुगाडावर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी रूपांतर, मग सिस्टिम. मूळ सॉफ्टवेअर चालू असतानाच दोन गोष्टी करून घ्या. पहिली, प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ, फॉन्ट आत बसवून. म्हणजे मूळ पान कसं होतं हे पुढे कुठेही पाहता येईल. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइल्सना तर हे हवंच. लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस-सॉफ्टवेअर त्यातल्या काही उघडतं, पण मांडणी जशीच्या तशी येत नाही. दुसरी गोष्ट, मजकूर युनिकोडमध्ये बदलणं. यासाठी रूपांतरकं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. मी आधी एक चाचणीचं पान करते. त्यात तऱ्हा, सुऱ्या, आचार्य, वाङ्मय, ज्ञानेश्वर, कृष्ण, विद्वान, पद्य, ऑगस्ट, ट्रॅक असे शब्द घालते आणि बदललेलं पान मूळ पीडीएफशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचते. सर्वाधिक चुका ऱ्य आणि ऱ्ह यांच्या होतात. एका भटकंतीच्या पुस्तकात "सह्याद्रीच्या दऱ्या" सगळीकडे "सह्याद्रीच्या दर्या" होऊन आल्या होत्या. दर्या हाही खरा शब्द, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारं साधन त्याला अडवत नाही. माणसानेच वाचावं लागतं.

युनिकोडमध्ये आलात तरी पानं सरकतात, हेही आधी माहीत असू द्या. विंडोजवरचे मंगल आणि निर्मला हे फॉन्ट लिनक्ससोबत येत नाहीत. त्यांच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो, ओळींची उंची बदलते आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक चुकतात. उपाय सोपा आहे. दोन्हीकडे मोफत मिळणारा एकच फॉन्ट ठरवून घ्या. मी 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो' (Noto) या नावाचा फॉन्ट वापरते. आणखी एक: काही फॉन्टांत मराठी वळणाचा ल आणि श स्वतंत्र ठेवलेला असतो, पण मजकुराची भाषा "मराठी" अशी लावली तरच तो उमटतो. भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळण येतं. वाचणाऱ्याला ते खटकतं, पण का खटकतंय हे सांगता येत नाही. लिब्रेऑफिसमध्ये परिच्छेद निवडून भाषा लावायला विसरू नका.

आणि टाइप करण्याबद्दल. इन्स्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण कळफलक विंडोजवरही आहे आणि लिनक्सवरही. बोटं त्यावर बसली असतील तर सिस्टिम बदलल्याचं त्यांना कळतही नाही. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे लोक असतील तर लिनक्समध्ये आयबस आणि त्यासोबतचं एम१७एन हे साधन घ्या. त्यात मराठीसाठी ध्वनीवर चालणारे कळफलक आहेत, पण तुमच्या सवयीच्या साधनाहून एखाद-दुसरं अक्षर वेगळ्या कळीवर असतं. सासूबाईंना "ळ" सापडायला दोन दिवस लागले. मी कळीवर छोटी चिठ्ठी चिकटवून दिली.

आता यंत्राकडे. विंडोज ११साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा. प्रोसेसरच्या नावात आय-फाइव्हनंतर ७२०० असा आकडा दिसला तर पहिला ७ म्हणजे सातवी पिढी. ८२५० म्हणजे आठवी. आकडा १ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक धरा. मायक्रोसॉफ्टचंच पीसी हेल्थ चेक नावाचं मोफत साधन आहे, ते चालवलं की काय कमी आहे ते सांगतं. पण "टीपीएम नाही" असं उत्तर आलं म्हणून लगेच नवीन संगणक घेऊ नका. नवऱ्याच्या संगणकात चिप होती, बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या यंत्राच्या सेटिंग्जमध्ये, बंद करून ठेवलेली होती. इंटेलच्या यंत्रात ती पीटीटी या नावाने असते, एएमडीमध्ये एफटीपीएम. चालू केली आणि त्याच संध्याकाळी त्याचा संगणक पैसा न खर्चता विंडोज ११वर गेला. दुकानदाराच्या यादीत तो भंगारात होता.

माझा संगणक सातव्या पिढीचा, सासूबाईंचा सहाव्या. दोन्ही नापास. नियमाला वळसा घालून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या आहेत, पण अशा यंत्राला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

मॅकचा विचारही झाला, पण थोडाच. पानं मांडायला इनडिझाइन वापरणाऱ्याला मॅक उत्तम आहे. मात्र त्यासाठी यंत्रच नवीन घ्यावं लागतं आणि माझ्या जुन्या फाइल्सचा प्रश्न तिथेही तसाच उरतो.

लिनक्स चालवून पाहायला संगणकातलं काहीही पुसावं लागत नाही, ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत, आम्ही मिंट निवडलं. लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवा आणि एचर किंवा रुफस वापरून ती पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं, हे लक्षात ठेवा. मग तो लावून संगणक सुरू करताना एचपीवर एफ ९, डेल किंवा लेनोव्होवर एफ १२ दाबून पेनड्राइव्ह निवडा. मिंट थेट पेनड्राइव्हवरून सुरू होतं. त्याआधी एक काम मात्र करा: विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहा आणि असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बायॉसमध्ये हात लावल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर स्वतःच्याच फाइल्स बंद होतात.

पेनड्राइव्हवर वेग कमी असतो, त्यावरून मत बनवू नका. तपासायचं ते हे: वायफाय लागतं का, आवाज येतो का, व्हिडिओ कॉलला कॅमेरा आणि माइक दोन्ही चालतात का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. आणि प्रिंटर. प्रिंटरसाठी वेगळा तासभर ठेवा. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना लिनक्समध्ये तयार आधार असतो, वायफायवरचे नवे प्रिंटरही बहुधा आपोआप सापडतात. पण आमच्या हॉलमधला जुना लेझर प्रिंटर भाच्याने दोन रविवार घालवूनही नीट चालला नाही. सासूबाईंना छपाई महिन्यातून एकदाच लागते, ती आता नवऱ्याच्या संगणकावरून होते. रोज छापणाऱ्या माणसासाठी मात्र एवढ्यावरूनच उत्तर "नको" असं आलं असतं.

बसवायची वेळ आली तेव्हा आम्ही जे केलं ते मी प्रत्येकाला सांगते. लॅपटॉपमधली जुनी हार्डडिस्क पुसलीच नाही. तपकीर गल्लीतून नवी एसएसडी, म्हणजे वेगवान प्रकारची डिस्क, आणली, जुनी डिस्क काढून तिथे ती बसवली आणि तिच्यावर मिंट २२ची एक्सएफसीई आवृत्ती घातली. ही आवृत्ती जुन्या यंत्रांना हलकी जाते आणि मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट्स आहेत. जुनी डिस्क विंडोजसकट कपाटात आहे. परत जायचं ठरलं तर स्क्रू काढून ती पुन्हा लावायची, इतकंच. एसएसडीमुळे लॅपटॉपही चटकन सुरू होऊ लागला. तो वेग लिनक्सचा की एसएसडीचा, याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर मोठा वाटा एसएसडीचा आहे. संगणक केवळ मंद झाला म्हणून सिस्टिम बदलायला निघाला असाल तर आधी डिस्क बदलून पाहा.

एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम ठेवणंही शक्य आहे. तसं केलंत तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजच्या फाइल्समध्ये लिनक्सकडून बदल करता येत नाहीत. आणि एका सिस्टिममधून दुसरीत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास पुढेमागे दिसलं तर घाबरू नका. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, आणि आपला फरक नेमका साडेपाच तासांचा. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की ते मिटतं.

बॅकअपबद्दल एकच आग्रह. दोन प्रती करा, त्यातली एक संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर, आणि प्रत झाली असं दिसलं तरी त्यातल्या दहा फाइल्स दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. जोडणी सैल होती म्हणून २००८च्या एका स्मरणिकेचे फोटो माझ्या प्रतीत शून्य आकाराचे निघाले होते. वेळेत पाहिलं म्हणून मूळ फाइल्स हाताशी होत्या.

शेवटी माणूस. नवी सिस्टिम अडली की फोन कोणाला करायचा, याचं उत्तर नाव घेऊन देता आलं पाहिजे. सासूबाईंसाठी मी आहे आणि माझ्यामागे भाचा आहे. पुण्यात लिनक्सवाल्यांचा प्लग नावाचा जुना गट आहे, तिथेही विचारता येतं. घरात असं कोणीच नसेल आणि संगणक एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ माणसाचा असेल तर मी बदल सुचवणार नाही, मग सिस्टिम कितीही चांगली असो.

सासूबाईंच्या लॅपटॉपवर ई-पेपर, यूट्यूब आणि व्हिडिओ कॉल यांची चिन्हं आम्ही पूर्वीच्याच जागी मांडली. पंधरा दिवसांनी मी विचारलं, "आई, जुनं परत लावू का?" त्या म्हणाल्या, "कशाला गं? मध्येच थांबून अपडेट करत बसत नाही, तेवढं बरं आहे." अपडेट मिंटमध्येही असतात, पण कधी घालायचे ते आपण ठरवतो. मी ते दर शनिवारी घालते.

माझा संगणक अजून विंडोज १०वरच आहे, वाढीव मुदतीत. नवीन प्रत्येक पुस्तक मी जानेवारीपासून युनिकोडमध्येच जुळवते आहे आणि रोज दुपारी एक तास जुन्या फाइल्सना देते. सध्या २०११च्या फोल्डरवर आहे. ऑक्टोबरच्या आत २०१४पर्यंत पोचले की या यंत्राची इंटरनेटची जोडणी काढून ते फक्त जुन्या फाइल्स उघडायला ठेवणार आहे, त्या यूएसबीच्या कुलपासकट. रोजच्या कामासाठी कोणतं यंत्र घ्यायचं आणि त्यावर काय घालायचं, ते तेव्हाची वही पाहून ठरवेन.